प्रस्थान पूर्णेला, मी मानवतला

परवा सोमवारी बायकोची पिशवी ठेवायला म्हणून मी गाडीत चढलो आणि गाडी मला घेऊनच निघाली.

मानवत रोडला गाडी थांबते म्हणजे थांबल्यासारखं करते. पिशवीत लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. ती आडवी होऊ नये म्हणून मी बाकाखाली वाकून तिला दोन्ही बाजूंनी टेकू देत होतो. समोरच्या काकांना पाय वर घ्यायला लावले, त्यांचं बोचकं सरकवलं, बरणी एकदाची उभी राहिली. मोठं काम फत्ते केल्यासारखं वर बघितलं, तर खिडकीतून फलाट मागं चालला होता. पायात घरातल्या सपाता. स्टेशनाबाहेर मोटारसायकल, आणि तिला किल्ली तशीच.

सुनंदा खिडकीकडं सरकली आणि मला जागा करून दिली. "बसा आता. परभणीला उतरा." एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं तोंडाला पदर लावून हसायला लागली. "जायचं ठरवलं की सगळा हिवाळा लागतो तुम्हाला. न ठरवता बघा कसं जमलं."

सुनंदा पूर्णेजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. सोमवारी पहाटे जाते, शनिवारी येते. मधले दिवस ती तिकडं एका भाड्याच्या खोलीत आणि मी इकडं मानवतला आमच्या घरात. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली. घराला खोल्या चार आणि माणूस मी एक, तोही दिवसभर दुकानात. असं बरीच वर्षं चाललंय. सवय होते म्हणतात. मला अजून व्हायची आहे.

गाडीनं वेग घेतला आणि रुळालगतच्या रस्त्याच्या बाभळी दिसायला लागल्या. पांढऱ्या झाल्या होत्या.

आमच्याकडं कापसाच्या दिवसांत बाभळींना कापूस येतो. टेम्पो, ट्रॉल्या इतक्या भरलेल्या असतात की दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारख्या दिसतात. रस्त्याच्या कडेनं त्या बाभळींना घासत जातात. जाताना कापूस फांदीला राहतो आणि फांदीचा काटा रस्त्यावर पडतो. बाभूळ आणि ट्रॉली यांच्यातली ही देवघेव मी लहानपणापासून बघत आलोय. पण तिचा वरचा, पांढरा भागच मला दिसायचा. खालचा भाग दिसला तो एका हिवाळ्यात. त्या हिवाळ्यात मी सायकलवर हैदराबादला निघालो होतो. म्हणजे निघणार होतो. हे 'निघणार होतो' फार लांबलं, आणि आज आठवतं ते तेवढंच. पुढचा प्रवास लोक विचारतात म्हणून सांगतो.

कल्पना दत्ताची. दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र, माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानासमोर त्याचं टेलरिंगचं दुकान. त्याच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला परभणीला जावं लागायला लागलं. जाताना एसटी, येताना एसटी. येताना जागा मिळाली तर मिळाली. "मशीनवरून उठलं की माणूस पिळून ठेवलेल्या पंच्यावानी होतो बघ," तो म्हणायचा. "आन् तो पिळलेला पंचा दांडीला धरून मानवतपस्तोर उभा." मानवत-पाथरीकडचे असे बरेच जण होते. कुणी एसटीनं, कुणी जीपमध्ये कोंबून. सगळ्यांसाठी मिळून एक गाडी असावी, बसायला नीट जागा असावी, घरापर्यंत सोडावं, एवढंच त्याला हवं होतं.

त्याला गावात सायकल चालवणारे पाच-सहाजण माहीत होते. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी पिटाळलेले, त्यातला मी एक. "कन्याकुमारीला जावा," दत्ता म्हणाला. "गावोगाव थांबा, लोकांना सांगा, डबा फिरवा. लोकं रिकाम्या माणसाला देत न्हाईत, घामाघूम माणसाला देतेत."

बैठक बसली शंकरअप्पांच्या आडतीवर, भाद्रपदात. अप्पा कापसाचे व्यापारी, कपाळाला विभूती, पंचांग बघितल्याशिवाय वजनकाटासुद्धा न हलवणारे. भाद्रपदात आडतीवर काम नसतं. गाद्या मोकळ्या, चहा वारंवार. रिकामा माणूस किती लांबचं बघू शकतो हे मला तिथं कळलं. कन्याकुमारी फार लांब होते, असं आमच्यातल्या वकीलसाहेबांचा गुडघा म्हणाला. मग हैदराबाद ठरलं. आमच्या आजोबांच्या पिढीला राजधानी म्हणजे हैदराबादच, त्यामुळं म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या. अप्पांनी मुहूर्त काढला मार्गशीर्षातला. हवा थंड, रस्ते कोरडे, दिवस उत्तम.

कापसाच्या गावात, कापसावर जगणाऱ्या माणसांनी, ऐन कापसाच्या हंगामात गाव सोडून जायचं ठरवलं आणि ते आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. चूक करायची तर आपल्या हातखंड्याच्या विषयात करावी, तशी आम्ही केली. दिवाळी झाली, जिनिंगचे पट्टे फिरायला लागले आणि सकाळी सरावासाठी पाण्याच्या टाकीपाशी जमणाऱ्या सायकली कमी कमी व्हायला लागल्या. अप्पा आडतीवरून हात हलवायचे, "तुमी व्हा पुढं, आलोच मी." ते पुढं अजून यायचेत. वकीलसाहेबांच्या गुडघ्यानं कायमची तारीख घेतली. बाकीच्यांची शेतं वेचणीला आली होती, मजूर मिळाले की माणसानं शेतात असायलाच हवं. त्यांना मी काय म्हणणार? माझा हंगाम जूनमध्ये असतो. वह्या, पट्ट्या, दप्तरं. दिवाळीनंतर मी दुकानात बसून खोडरबरं एका रेषेत लावतो. सगळं गाव कामानं फुललेलं असताना रिकामं असणं ही मोठी परकी गोष्ट आहे. लोक तुमच्याशी बोलतात, पण चालता चालता.

त्यात आमचे सत्कार आधीच होऊन बसले होते. आपल्याकडं माणूस परत येईल की नाही याची खात्री नसते म्हणून असेल, सत्कार निघतानाच करतात. शाळेनं केला, गणपती मंडळानं केला, व्यापाऱ्यांनी केला. बाकीचे गळत गेले तशा त्यांच्या वाट्याच्या शालीही माझ्याकडं यायला लागल्या. फेटा बांधून घेतलेला, पोट आत घेतलेला माझा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागला. त्याखालून मी रोज भाजी आणायला जायचो.

सरावाचं म्हणाल तर पाथरीच्या रस्त्यानं जायचो. गादी लावलेली एक चड्डी मुलीनं बंगळुरूहून पाठवली होती. ती नुसती घालून गावातून जायची हिंमत नव्हती, म्हणून वरून लेंगा. लेंगा साखळीत जायचा. साखळीतून सुटला की काटा. ते वरचा कापूस आणि खालचा काटा प्रकरण मला इथं समजलं. रस्त्याच्या कडेला चाक उलटं करून बसायचं, पंक्चर काढायचं, आणि वर बघावं तर बाभळीला हा कापूस लागलेला. थंडीतल्या कोवळ्या उन्हात दिसायचा सुंदर. शेजारून ट्रॉली जायची, वरची पोरं ओरडायची, "काका, हैदराबाद आलं का?"

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सगळं सामान बांधून बघावं म्हणून मी मागं दोन्ही बाजूंना पिशव्या अडकवून निघालो, आणि जिनिंगच्या फाटकाशी एका ट्रॉलीला धडकलो. ट्रॉली उभी होती. आत ट्रॉलीभर मऊ कापूस, आणि मी पडलो लोखंडी दांड्यावर. कोपर सोललं, पुढचं चाक पापडासारखं वाकलं. त्या चाकाची रिंग मानवतला मिळेना. परभणीच्या दुकानदारानं मागवतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा घरी आले. त्यांना माझ्या कोपरापेक्षा मुहूर्ताची काळजी. "मुहूर्त मोडू नका. प्रस्थान ठेवा."

प्रस्थान म्हणजे काय हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. ठरलेल्या वेळी निघणं जमलं नाही, तर मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अंगावरचं एखादं वस्त्र एका गाठोड्यात बांधायचं, आणि जायचंय त्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला. पुढं जाताना गाठोडं उचलायचं आणि चालू लागायचं. अप्पांनी माझ्या खांद्यावरचा निळ्या काठाचा पंचा ओढला, त्यात सगळं बांधलं आणि पूर्वेला कुणाचं घर आहे याचा विचार करायला लागले.

सुनंदा पूर्णेला निघाली होती. पर्स खांद्याला, डबा हातात. "द्या इकडं. पूर्णा पूर्वेलाच हाय."

"तुमचा इस्वास हाय का पण, ताई?" अप्पांनी विचारलं.

"नाही. पण गाठोडं हलकं आहे."

अप्पांनी जाताना मला बजावलं, "आता तुमी घरात न्हाईत असं समजायचं. आन् लय दिवस लावू नका. मुदत संपली की प्रस्थान शिळं होतं, पुन्हा ठेवावं लागतं."

तेव्हा हसलो मी. पण दोघं गेल्यावर दार लावलं आणि घरात वळलो, तेव्हा जरा चमत्कारिक वाटलं. बायको गेलेली, पोरगी गेलेली, आणि आता मीही गेलेलो. मग हा जो उभा आहे तो कोण? चहा टाकला. एक कप टाकायची सवय होती, तरी तो कप माझ्याकडं पाहुण्याकडं बघावं तसा बघत होता. आपल्याच घरात चोरून राहिल्यासारखा राहायला लागलो मी. दिवा एकाच खोलीत लावायचो. रेडिओ हळू. शेजारच्या काकूंनी दुधाची पिशवी घेताना मला बघितलं आणि दचकल्या. "अगं बाई, गेलते ना तुमी?"

सगळे हेच विचारायचे. न्हावी, चहावाला, दुकानात पेन्सिल घ्यायला आलेली पोरं. रिंग यायची आहे, असं मी सांगायचो. मग रिंग आली ती वेगळ्या मापाची. ती परत गेली. मग अवकाळी आला. फुटलेला कापूस बोंडातच भिजून काळवंडला आणि गावाचा चेहरा असा झाला की त्यात सायकलीच्या चाकाचं नाव काढायची मला लाज वाटली. मी मागच्या गल्लीनं दुकानात जायला लागलो. चौकातल्या फ्लेक्सवरचा मी तेवढा पुढच्या रस्त्याला होता, पावसानं त्याच्या फेट्याचा रंग तोंडावर उतरलेला.

सुनंदा शनिवारी यायची. गाठोड्याबद्दल बोलायची नाही. सोमवारी निघताना मात्र तांदळाच्या डब्याचं झाकण वाजायचं. "शिळं झालं असेल ना आता?" म्हणायची आणि नवं प्रस्थान बांधून न्यायची. विज्ञानाची बाई. मी चेष्टा केली तर म्हणायची, "अप्पांना शब्द दिलाय." घरातले पंचे कमी व्हायला लागलेत हे मला कळत होतं, पण मी तो आळ धोब्यावर घेतला होता.

आणि मग दत्ताच गेला. म्हणजे वाईट अर्थानं नाही. त्याच्या मुलाला छत्रपती संभाजीनगरला नोकरी लागली, घराजवळ हॉस्पिटल होतं, तो बापाला घेऊन गेला. दुकानाचं शटर ओढताना दत्तानं माझं माप घेतल्यासारखं खालीवर बघितलं. "ज्याच्यासाठी तू निघायलास, त्याच्या बुडाखाली आता पोराची कार हाय. आता काय करतूस लेका?"

"तूच सांग."

"मी काय सांगू? मी सुटलो." मग थोडा वेळ कुलपाशी झटत राहिला. ते कुलूप कधीच सरळ लागायचं नाही. "बाकीचे हायतच की एसटीत."

समोरचं शटर बंद झालं. माझ्या दुकानातून आता समोर फक्त राखाडी पत्रा दिसायचा. इतकी वर्षं त्या शिवणयंत्राची खडखड ऐकत होतो हे ती थांबल्यावर कळलं. कुणी बोलवत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. मला कुणी जा म्हणणारंही उरलं नव्हतं, आणि राहा म्हणणारं कुणी आठवडाभर घरात नव्हतं. न जाण्यासाठी इतकी सोयीची परिस्थिती पुन्हा आली नसती. रिंग आली ना आली, गावानं हळूहळू विचारणं सोडलं असतं. माझ्या फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लागलाच होता.

तेवढ्यात परभणीहून निरोप आला, रिंग आली. वाकलेलं चाक तिकडं नेऊन नव्या रिंगेवर बसवून घेतलं आणि ते कडेवर लेकरू धरावं तसं धरून दुपारच्या एसटीनं परत निघालो. गाडी खचाखच. मी दांडीला धरून उभा. शेजारच्या बाकावर कांताबाई बसल्या होत्या. पूर्वी अंगणवाडीत मदतनीस होत्या, माझ्याच दुकानातून खडू न्यायच्या. दंडाला पांढरी पट्टी, ओठ कोरडे. म्हणजे मशीनवरूनच येत होत्या.

"जयभीम, दादा," त्या म्हणाल्या. चाकाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आलाव का जाऊन?"

मी काहीतरी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. पण त्यांनी तोवर पिशवी मांडीवर घेतली होती आणि त्या खिडकीकडं सरकल्या होत्या. "बसा की. लय दमला असताल. आमच्यापायी किती हाल."

मी "नको, नको" म्हणालो. त्यांनी बाकावर हात आपटला. मागून लोक ढकलत होते. मी बसलो. आयुष्यात पुष्कळ ठिकाणी जागा नसताना बसलोय, पण असं कधी बसलो नव्हतो. त्या बाईचं अंग थंडीनं शहारत होतं, तिच्या खांद्याचा प्रत्येक हिसका माझ्या खांद्याला कळत होता. ती मला विचारत होती, तिकडं लोक चांगले होते का, भाषा समजली का. मी म्हणालो, "चांगले होते." चाक मांडीवर घेऊन मानवतपर्यंत मी खाली बघत राहिलो. बाहेर बाभळी असतील.

दुसऱ्या दिवशी उजाडताना निघालो. निरोपाला कुणी नव्हतं. सगळ्यांनी मला केव्हाच निरोप दिला होता. घरातून निघताना हातावर दही घालतात. सुनंदा पूर्णेला. मग फ्रिजमधलं उरलेलं दही काढलं, डाव्या हातानं उजव्या हातावर घातलं, चाटलं. आंबट होतं. देवासमोर उभा राहिलो, पण काय मागावं ते सुचेना, तेव्हा गॅस बंद आहे ना एवढं बघून आलो. दाराला कुलूप लावलं. शेजारच्या काकूंनी खिडकीतून बघितलं आणि या वेळी काही विचारलं नाही. बहुधा परत आलेला माणूस पुन्हा कुठं चालला, असं वाटलं असेल.

खरं तर हैदराबादचा सरळ रस्ता पूर्णेवरून जात नाही. पण माझं प्रस्थान तिथं होतं, वाट वाकडी करणं भाग होतं. परभणीपर्यंत ट्रॉल्यांच्या मागं मागं गेलो. वाऱ्यानं कापसाचे पुंजके उडून अंगाला चिकटत होते, ते झटकायला हात सोडायची भीती वाटत होती. पूर्णेला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि मी कापूस लागलेल्या बाभळीसारखा दिसत असणार, कारण सुनंदाच्या घरमालकिणीनं आधी मला ओळखलंच नाही. मग किल्ली दिली. सुनंदा शाळेतून यायची होती.

त्या खोलीत मी यापूर्वी गेलो होतो, सामान लावायला, गॅस जोडायला. ती तिथं नसताना कधी गेलो नव्हतो. एक ताट, एक पेला, एक वाटी पालथी. भिंतीला टेकवलेली एक खुर्ची. खिडकीत तांदळाचे दाणे सांडलेले आणि त्यावर चिमण्या. म्हणजे शिळी प्रस्थानं तिकडं जात होती. आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी, तिच्यावर माझे पंचे. एकाला एक लागून, काठ जुळवून वाळत घातलेले. ओले नव्हते. कितीतरी दिवसांपूर्वी वाळलेले होते. शेवटी एक माझा सदरा, खुंटीला, बटणं लावलेला. पंचे संपल्यावर सदऱ्यावर आली असणार. टेबलावर ताजं गाठोडं, न सोडलेलं.

मी त्या एका खुर्चीवर बसलो आणि तिची वाट बघितली. रेल्वे जवळच आहे तिथं. गाड्या यायच्या, जायच्या, पेला ताटावर किणकिणायचा. एवढी वर्षं मानवतच्या घरात बसून मला वाटत होतं की एकटं असण्याचं सगळं काम माझ्याच वाट्याला आलंय.

हे सगळं परवा गाडीत आठवलं. परभणी आलं तसा मी सपाता सावरत उतरलो. परतीच्या गाडीनं मानवत रोडला आलो, तर मोटारसायकल आणि किल्ली दोन्ही जागेवर सापडली. आणखी एक सांगायचं तर, आता सोमवारी-गुरुवारी माझ्या दुकानासमोरून एक पांढरी गाडी जाते. हैदराबादपर्यंत फिरलेला डबा, अप्पांनी हंगाम संपल्यावर घातलेली भर, दत्तानं फोनवरून ज्याला त्याला छळून केलेली वसुली, असं मिळून ती झाली. कांताबाई पुढच्या खिडकीशी बसतात. मी अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही, आणि त्या प्रत्येक वेळी हात करतात.

पण मी त्या संध्याकाळचं सांगत होतो. सुनंदा आली, चप्पल काढली, मला बघितलं, सायकल बघितली. माझ्या केसांतला कापूस काढत काढत चहा ठेवला, आणि एकच पेला म्हणून स्वतः वाटीत घेतला. सकाळी निघताना तिनं माझ्या हातावर दही घातलं. गोड होतं. गाठोडं मी सायकलला बांधलं, आणि आता आपलं सगळंच आवरून न्यावं या हिशेबानं दोरीवरचे पंचे काढायला लागलो. ती दारात उभी होती, शाळेची पर्स खांद्याला.

"सगळे कशाला काढताव?" ती म्हणाली. "तो निळ्या काठाचा राहू द्या तिथंच. शाळेतून आल्यावर कुलूप काढते ना, तर समोर तो दिसतो. घरात कुणीतरी आंघोळीला गेल्यासारखं वाटतं."